डाग कुठे आहे आणि कुठे नाही: ऑटोइम्यून आजारांतली त्वचा कशी पाहावी

गालावर लाली आली की पहिला संशय उन्हावर जातो, मग नव्या साबणावर, मग ॲलर्जीवर. बहुतेकदा तो खराही ठरतो. पण काही जणांच्या बाबतीत क्रीमच्या तीन-चार ट्यूब संपतात, डाग हलत नाही आणि मधल्या काळात बोटांचे सांधे दुखायला लागतात, केस विरळ होतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. हे सगळं एकाच आजाराचं आहे असं कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण डाग एका डॉक्टरला दाखवलेला असतो आणि सांधे दुसऱ्याला.

ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंड), डर्माटोमायोसायटिस (त्वचा आणि स्नायू), स्क्लेरोडर्मा (कातडी ताठ होणं), मिश्र संयोजी ऊती विकार (या तिघांची सरमिसळ) आणि श्योग्रेन (डोळे-तोंड कोरडं पडणं) हे ऑटोइम्यून घराण्यातले मुख्य आजार. यांत रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते. त्वचा, सांधे, स्नायू, रक्तवाहिन्या, फुप्फुसं, मूत्रपिंड यांपैकी काहीही सापडू शकतं, आणि त्वचेवरची खूण पुष्कळदा आधी दिसते. ती ओळखताना रंगापेक्षा जागा जास्त कामाची. लाल चट्टा शंभर कारणांनी येतो. पण पेरांवर बरोबर सांध्याच्या उंचवट्यावरच आलेले आणि मधली जागा सोडणारे चट्टे फार थोड्या कारणांनी येतात. निदान डॉक्टरच करतील. त्यांच्यासमोर नीट पाहिलेला, नीट नोंदवलेला मजकूर ठेवणं मात्र आपल्या हातात आहे.

पायरी १: आधी नीट पाहा, मग फोटो काढा

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बसा. मेकअप, क्रीम, नेलपॉलिश काढून टाका. पिवळ्या दिव्याखाली जांभळट छटा हरवते आणि फोनचा फ्लॅश लाली पुसून टाकतो, म्हणून दोन्ही टाळा. ब्यूटी फिल्टर चालू असेल तर तो बंद करा. हे हास्यास्पद वाटेल, पण गुळगुळीत केलेले फोटो दाखवायला आणणारे लोक असतात.

लोक गाल आणि हात पाहतात आणि थांबतात. पुढच्या जागा हमखास राहून जातात: वरच्या पापण्या, कानाच्या पाळीच्या वरचा खोलगट भाग, केसांखालची टाळू, मानेचा मागचा भाग आणि खांदे, गळ्याखालचा उघडा त्रिकोण, कोपरांची मागची बाजू, मांडीची बाहेरची बाजू, तळहात आणि नखांच्या मुळाशी असलेली कातडी. पाठीसाठी घरातल्या कुणाची तरी मदत घ्या.

प्रत्येक जागेचे दोन फोटो काढा, एक लांबून म्हणजे डाग शरीरावर नेमका कुठे आहे ते कळेल आणि एक जवळून. जवळच्या फोटोत शेजारी पट्टी ठेवली तर आकार वाढला की घटला यावर वाद राहत नाही. तारीख लिहा, आणि आदल्या दोन-तीन दिवसांत ऊन, थंडी, ताप किंवा नवं औषध यांपैकी काही झालं असेल तर तेही लिहा. हे डाग येतात-जातात, आणि डॉक्टरांच्या वेळेच्या दिवशी चेहरा नेमका स्वच्छ असतो.

सावळ्या त्वचेवर लाली लालच दिसेल असं धरून चालू नका. ती जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसते, कधी नुसती काळपट सावली वाटते. पुस्तकांतले जुने फोटो बहुतेक गोऱ्या त्वचेचे असतात, त्यामुळे तुलना करून 'आपलं तसं नाही' असं ठरवणं चुकीचं ठरतं. बोट फिरवून उंचवटा, खरखर किंवा उष्णता लागते का ते पाहा.

पायरी २: चेहरा

ल्युपसची ठरावीक लाली दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावरून पसरते, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी मोकळी सोडते. त्या घडीवर ऊन पोचत नाही हे यामागचं एक कारण मानलं जातं. डर्माटोमायोसायटिसची लाली ही घडीही भरून टाकते, आणि तिच्यासोबत वरच्या पापण्यांवर जांभळट छटा आणि थोडी सूज असते. झोप झाली नाही म्हणून डोळे असे दिसतात, असं समजून ही खूण महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहते.

गोंधळ घालणारे दोन साधे आजार आहेत. रोझेशियात गालांवर पुटकुळ्या येतात आणि गरम पेय किंवा तिखट खाल्लं की चेहरा पेटतो. ल्युपसच्या लालीत पुटकुळ्या सहसा नसतात. सेबोरिक डर्माटायटिसमध्ये नेमक्या नाकाशेजारच्या घडीतच तेलकट खपल्या धरतात, शिवाय भुवयांत आणि डोक्यात कोंडा असतो. थोडक्यात, आरशात पाहताना डागाइतकंच त्या घडीकडे पाहा.

स्क्लेरोडर्मात चेहरा लाल होण्यापेक्षा बदलतो. कपाळाच्या आठ्या पुसट होतात, ओठ पातळ होतात, ओठांभोवती उभ्या रेषा पडतात, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही. दंतवैद्याकडे 'आणखी उघडा' असं वारंवार ऐकावं लागलं, ही कधी कधी पहिली तक्रार असते. गालांवर आणि ओठांवर बारीक लाल ठिपके दिसतात, जे दाबले की फिके होतात.

पायरी ३: हात, आणि इथे घाई करू नका

या सगळ्या आजारांत हातांइतकं बोलकं दुसरं काही नाही. मला विचाराल तर एवढं एकच अंग नीट तपासलं तरी अर्धं काम होतं.

मूठ हलकी वळून हाताची वरची बाजू समोर धरा. पेरांच्या सांध्यांवर, म्हणजे उंचवट्यांवर, जांभळट-लाल, किंचित खपलीदार चट्टे किंवा चपटे फोड असतील तर डर्माटोमायोसायटिसचा विचार करावा लागतो. असेच चट्टे कोपरांवर आणि गुडघ्यांवरही येतात. उलट सांधे मोकळे आणि दोन सांध्यांमधली कातडी लाल असेल तर कल ल्युपसकडे जातो. एकाच हातावर, दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतराने, हा फरक उघड दिसतो.

आता बोट कडेने पाहा. अंगठ्याची आतली बाजू आणि तर्जनीची बाजू खरखरीत, भेगाळलेली, काळपट झाली असेल आणि भांडी, सिमेंट, तेल यांच्याशी रोजचा संबंध नसेल, तर ती खूणही नोंदवा. अशा हातांसोबत कोरडा खोकला किंवा धाप असेल तर फुप्फुसांची तपासणी मागे टाकू नये.

नखाच्या मुळाशी कातडीची पातळ किनार असते. फोनचा कॅमेरा झूम करून तिथे पाहा: किनार जाड, फाटकी झाली आहे का, तिच्यात गडद रंगाचे बारीक ठिपके आहेत का, नखालगत लाल धाग्यांसारख्या केशवाहिन्या फुगलेल्या दिसतात का. हेच काम डॉक्टर तेलाचा थेंब टाकून डर्मॅटोस्कोपने किंवा कॅपिलरोस्कोपने करतात. निरोगी नखाशी केशवाहिन्या हेअरपिनच्या आकारात ओळीने उभ्या असतात. स्क्लेरोडर्मा आणि डर्माटोमायोसायटिसमध्ये त्यांतल्या काही फुगून मोठ्या होतात आणि मधल्या काही गायबच होतात. तपासणी वेदनारहित आहे, पाच-दहा मिनिटांची आहे, तरी मागितल्याशिवाय फारशी होत नाही. मागा.

पुढे बोटांची कातडी चिमटीत धरून पाहा. मधल्या पेराच्या वरच्या बाजूची कातडी उचलता येते का? स्क्लेरोडर्मात सुरुवातीला बोटं नुसती फुगतात, अंगठी अडकते, मूठ पूर्ण वळत नाही. ही फुगीर अवस्था मिश्र संयोजी ऊती विकारातही असते. नंतर सूज उतरते आणि कातडी हाडाला चिकटल्यागत ताठ होते. दोन्ही हातांच्या बोटांची कातडी जाड होऊन ते जाडेपण मुठीच्या सांध्यांपलीकडे हाताच्या पाठीपर्यंत गेलं असेल, तर २०१३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे आतल्या अवयवांपर्यंत जाऊ शकणारा स्क्लेरोडर्मा, या वर्गात बसायला तेवढंच पुरतं. डॉक्टर शरीरावरच्या १७ जागी कातडी चिमटीत धरून प्रत्येक जागेला ० ते ३ गुण देतात; बेरीज ५१ पर्यंत जाते. पुढच्या भेटींत हाच आकडा तुलनेला लागतो, म्हणून तो आपल्या वहीतही लिहून घ्या.

शेवटी बोटांची टोकं. टोकाला टाचणी टोचल्यासारखे खड्डे, न भरणारी जखम किंवा पांढरे कडक खडे दिसले तर लगेच दाखवा.

पायरी ४: थंडीत बोटं पांढरी पडतात का?

मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये ही घटना नोंदवली: थंडीने किंवा ताणाने बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर, मग रक्त परतताना लाल आणि ठणकणारी. तिला आज रेनॉड म्हणतात. सगळे रंग प्रत्येकाला दिसतातच असं नाही, आणि सावळ्या हातांवर ते नखांत आणि तळव्यांवर जास्त कळतात.

बहुतेकांचं रेनॉड निरुपद्रवी असतं. ते किशोरवयात किंवा विशीत सुरू होतं, दोन्ही हातांना सारखं होतं, जखमा होत नाहीत. तिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं, एका हाताला जास्त आहे, टोकांना व्रण पडतात, केशवाहिन्या बिघडलेल्या आहेत किंवा एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांवर उलटणाऱ्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आहे, यांपैकी काही असेल तर मागे आजार शोधावा लागतो. स्क्लेरोडर्माच्या मर्यादित प्रकारात रेनॉड त्वचा ताठ होण्याच्या कितीतरी वर्षं आधी येऊ शकतं.

पायरी ५: गोल चट्टे, व्रण आणि जाळ्या

पाठीवर, खांद्यांवर, हातांच्या बाहेरच्या बाजूला गोल, कडा उठलेले, मधे साफ होत जाणारे चट्टे आले की 'नायटा' हा शब्द लगेच तोंडात येतो. सबअक्यूट ल्युपस या ल्युपसच्या त्वचेवरच्या एका प्रकाराचे चट्टे हुबेहूब असेच असतात. फरक असा की ते उन्हाच्या जागी येतात, जांघेत किंवा काखेत सहसा नसतात, आणि फारसे खाजत नाहीत. गंमत म्हणजे नायट्यावर दिली जाणारी टर्बिनाफिन ही गोळी स्वतःच हा प्रकार चेतवू शकते. थायाझाइड गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या, ॲसिडिटीवरच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या यांचंही तसंच. म्हणून नायट्याचं औषध सुरू करण्याआधी खपली खरवडून बुरशीची तपासणी करून घ्यावी. स्टिरॉइड मिसळलेली तयार क्रीम तर मुळीच लावू नये. तिने दोन्ही आजारांचं रूप बिघडतं आणि मग कुणालाच काही ओळखता येत नाही.

डिस्कॉइड ल्युपस हा त्वचेवरचा दुसरा प्रकार. त्याचा चट्टा जाड, खपली घट्ट चिकटलेला असतो, आणि तो बरा होताना खड्डा, कडेला काळपटपणा व मधे पांढरेपणा सोडून जातो. कानाचा खोलगट भाग आणि टाळू या त्याच्या आवडत्या जागा. टाळूवर तो केसांची मुळं कायमची जाळतो. तिथे गुळगुळीत, चकचकीत, केसांची छिद्रंच न दिसणारी जागा तयार होत असेल तर एक महिनाही थांबणं महाग पडतं. छिद्रं दिसत असतील तर केस परत येण्याची आशा आहे.

मॉर्फिया हा स्क्लेरोडर्माच्या नावाशी जोडला जाणारा, पण वेगळा प्रकार. एखादा पट्टा किंवा चट्टा कडक होतो, सुरुवातीला त्याची किनार जांभळट असते. बोटं ताठ होत नाहीत, रेनॉड सहसा नसतं, आणि आतल्या अवयवांचं स्क्लेरोसिस त्यात होत नाही. लहान मुलांत हातापायावरून किंवा कपाळावरून पट्टा उतरत असेल तर मात्र वाढीवर परिणाम होतो, तेव्हा तिथे निवांत राहू नये.

पायांवर जांभळी जाळी दिसली आणि शेकल्यावरही ती गेली नाही, विशेषतः पूर्वी रक्ताची गुठळी किंवा वारंवार गर्भपात झाले असतील, तर अँटिफॉस्फोलिपिड (रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या अँटिबॉडींच्या) तपासण्या विचारा. पायांवर हाताला लागणारे, दाबून फिके न होणारे जांभळे ठिपके म्हणजे छोट्या रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. श्योग्रेनमध्ये आणि ल्युपसमध्ये तो दिसतो.

पायरी ६: डॉक्टरांकडे जाताना एक पान लिहून न्या

डाग सुरू झाल्याची तारीख, उन्हाने वाढतो का, सकाळी सांधे किती वेळ आखडतात, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, डोक्यावरच्या फळीवर डबा ठेवता येतो का, घास अडकतो का, धाप लागते का, तोंडात व्रण, डोळ्यांत कोरडेपणा, लघवीला फेस, आणि गेल्या सहा महिन्यांतली सगळी औषधं. एवढं पुरे.

पायरी ७: तपासण्या समजून घ्या

एएनए पॉझिटिव्ह आला म्हणजे ल्युपस झाला, ही भीती अनेक घरांत विनाकारण शिरते. निरोगी माणसांतही १:८० या पातळीला (म्हणजे रक्तद्रव ८० पट पातळ करूनही) साधारण १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के लोक पॉझिटिव्ह येतात. ल्युपसच्या २०१९ च्या निकषांत १:८० हा केवळ प्रवेशाचा दरवाजा आहे. पुढचे गुण लक्षणांवर आणि इतर तपासण्यांवर मिळतात. उलट बाजूही लक्षात असू द्या: त्वचेपुरत्या डिस्कॉइड ल्युपसमध्ये आणि डर्माटोमायोसायटिसमध्ये एएनए निगेटिव्ह असू शकतो.

त्यापुढच्या अँटिबॉडी जास्त नेमकं सांगतात. अँटि-डीएस-डीएनए आणि अँटि-एसएम ल्युपसकडे, अँटि-रो सबअक्यूट ल्युपस व श्योग्रेनकडे, सेंट्रोमिअर मर्यादित स्क्लेरोडर्माकडे, एससीएल-७० बहुधा पसरणाऱ्या प्रकाराकडे, यू१-आरएनपी मिश्र विकाराकडे. डर्माटोमायोसायटिससाठी मायोसायटिस पॅनेल वेगळं मागावं लागतं. यातली एमडीए-५ पॉझिटिव्ह आली तर स्नायू ठीक असूनही फुप्फुसांचा झपाट्याने वाढणारा आजार असू शकतो. तळहातावर दुखणारे लाल फोड आणि पेरांवर खोल व्रण ही तिची खास खूण.

लघवीची तपासणी स्वस्त आणि साधी म्हणून दुर्लक्षित राहते. ल्युपसमध्ये मूत्रपिंडाचा त्रास दुखत नाही. प्रथिनं लघवीत आधी दिसतात.

बायोप्सीला घाबरू नका. जागा बधिर करून साधारण ४ मिलिमीटरचा तुकडा घेतात, एक-दोन टाके पडतात. इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (त्वचेत साठलेल्या अँटिबॉडी दाखवणाऱ्या चाचणीसाठी) दुसरा तुकडा लागतो आणि तो नेहमीसारखा फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रवात टाकून चालत नाही, हे आधीच विचारून घ्या. नाहीतर टोचून घेण्याचा प्रसंग दोनदा येतो. त्या जागी आधीपासून स्टिरॉइड क्रीम लावत असाल तर तेही सांगा. रक्तवाहिन्यांच्या दाहाचा संशय असेल तर एक-दोन दिवसांतला ताजा ठिपका निवडतात. स्क्लेरोडर्मात बायोप्सीची गरज क्वचितच पडते, आणि रक्तपुरवठा कमी असलेल्या बोटावर ती टाळलेलीच बरी.

प्रौढ वयात डर्माटोमायोसायटिस निघाला तर दडलेल्या कर्करोगाचा शोध घेतात, कारण निदानाच्या आसपासच्या तीन वर्षांत तो सापडण्याची शक्यता वाढलेली असते. ऐकायला जड आहे, पण तो शोध लांबवू नये. मुलांतल्या डर्माटोमायोसायटिसमध्ये हा संबंध नाही. तिथे कातडीखाली कॅल्शियमचे खडे जास्त होतात.

पायरी ८: रोजची काळजी

ल्युपस आणि डर्माटोमायोसायटिसमध्ये ऊन हे औषधाच्या विरुद्ध दिशेला ओढणारं कारण आहे. एसपीएफ ५०, यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्हींवर चालणारं सनस्क्रीन घ्या. खरी चूक प्रमाणात होते. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पूर्ण लांबीवर काढलेल्या दोन रेघा लागतात. लोक वाटाण्याएवढं लावतात. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. कान, मानेची मागची बाजू आणि हातांची पाठ विसरू नका. खिडकीची काच यूव्हीबी अडवते पण यूव्हीए बरंच आत सोडते, त्यामुळे गाडीत किंवा खिडकीशी बसूनही चट्टे उठतात. घट्ट विणीचं पूर्ण बाह्यांचं कापड आणि रुंद काठाची टोपी यांना सनस्क्रीनपेक्षा वरचा मान द्या. ऊन टाळल्यावर ड जीवनसत्त्व कमी पडतं, ते तपासून गोळीने भरून काढा.

रेनॉडसाठी केवळ हातमोजे पुरत नाहीत, अंग गरम हवं. धड थंड पडलं की शरीर बोटांचं रक्त आखडतं. झटका आला तर हात कोमट पाण्यात धरा, कडकडीत नको, बधिर बोटांना भाजल्याचं कळत नाही. धूम्रपान बंद. सर्दीवरची स्यूडोएफेड्रिन असलेली गोळी, मायग्रेनवरची काही औषधं आणि काही बीटा-ब्लॉकर झटके वाढवतात. पुरेसं नसेल तर निफेडिपिन किंवा ॲम्लोडिपिन ही रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं देतात.

बोटावर व्रण असेल तर तो उघडा वाळवू नका, ओलसर ड्रेसिंग ठेवा. कॅल्शियमचा खडा सुईने उकरू नका. त्यातून खडूसारखा पांढरा लगदा निघतो आणि मागे जंतू शिरायला वाट राहते.

पायरी ९: औषधांबद्दल

चेहऱ्यावर सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस, नंतर टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेलं मलम, हा सर्वसाधारण क्रम. डिस्कॉइड ल्युपसमध्ये मात्र तज्ज्ञ चेहऱ्यावरही तीव्र स्टिरॉइड काही काळ देतात, कारण कातडी पातळ होण्यापेक्षा चट्ट्याचा खड्डा कायमचा राहणं वाईट. अशी चिठ्ठी पाहून बिचकू नका, मुदत मात्र विचारून घ्या.

ल्युपसचा कणा म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मात्रा दिवसाला वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि अनेक जण नेमके सहाव्या आठवड्यात सोडून देतात. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी हवी. मूत्रपिंड अशक्त असेल तर लवकर. डर्माटोमायोसायटिसमध्ये या गोळीनेच पुरळ येण्याचं प्रमाण जास्त असतं. रोगप्रतिकारक यंत्रणा शांत करणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतल्याने जीव गेल्याच्या घटना आहेत, म्हणून वार ठरवून पाकिटावर लिहा.

मूल हवं असेल तर आधी बोला. मेथोट्रेक्सेट आणि त्याच कामाचं मायकोफेनोलेट ही औषधं गर्भधारणेपूर्वी थांबवावी लागतात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालू ठेवतात. आईला अँटि-रो असेल तर बाळाला जन्मानंतर गोल चट्टे येऊ शकतात, ते साधारण सहा महिन्यांत जातात. अशा गर्भारपणांत सुमारे २ टक्के वेळा बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांत अडथळा येतो, म्हणून गर्भाच्या हृदयाची तपासणी ठरवून होते.

त्याच दिवशी दवाखाना गाठायचा तो केव्हा

बोटाचं टोक काळं पडलं किंवा तासाभरात रंग परतला नाही. घास गिळता येत नाही किंवा आवाज अनुनासिक झाला. चट्ट्यांसोबत धाप दिवसागणिक वाढते आहे. ताप आणि अंगावर फोड किंवा सोललेली कातडी. पाय आणि डोळ्यांभोवती सूज, लघवी कमी.

स्क्लेरोडर्मा पसरत असेल तर घरी रक्तदाबाचं यंत्र ठेवा, विशेषतः पहिल्या चार-पाच वर्षांत. नेहमीपेक्षा वरचा आकडा ३० ने किंवा खालचा २० ने वाढला, डोकं दुखतंय, अंधुक दिसतंय, तर ती मूत्रपिंडाची आणीबाणी असू शकते आणि एसीई इनहिबिटर या गटातली रक्तदाबाची गोळी वेळेवर सुरू केल्याने मूत्रपिंड वाचू शकतं. दिवसाला १५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन हा धोका वाढवतं, तेव्हा सांधेदुखीसाठी दुसऱ्या कुणी स्टिरॉइड लिहून दिलं तर गोळी घेण्याआधी आपल्या संधिवाततज्ज्ञांना फोन करा.